एनएचएलमधली संघबांधणी: नियम आणि त्यांच्या पळवाटा

एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या, चाहत्याचा उन्हाळा हिशेबात जातो. जूनमध्ये कुणीतरी विजेतेपदाचा स्टॅन्ली कप उचलतं, महिनाअखेरीस ड्राफ्ट होतो (संघ आळीपाळीने नवी पोरं निवडतात, दुबळ्यांची पाळी आधी), १ जुलैला करार संपलेल्यांचा बाजार उघडतो आणि बर्फावरच्या हॉकीचं वेड असलेली माणसं ऑक्टोबरपर्यंत बेरजा-वजाबाक्या करत बसतात. यादीत जास्तीत जास्त २३ खेळाडू, सामन्याला त्यातले २०: १८ स्केटर आणि २ गोलरक्षक. सगळ्यांच्या पगाराला मिळून एक कमाल मर्यादा. दुसऱ्या फळीचा सेंटर (मधला आक्रमक) राखायचा तर बचावातला एखादा चांगला गडी सोडावा लागतो. मग भांडण सुरू.

या भांडणातलं माझं मत आधीच सांगून टाकतो. चांगले संघ बांधणाऱ्यांना हॉकी कळतेच, पण ती इतरांनाही कळते. नियम बदलला की कोणती गोष्ट स्वस्त झाली, हे त्यांना इतरांच्या वर्षभर आधी कळतं. लीगचा इतिहास या नजरेने पाहिला तर आजच्या बऱ्याच वादांची मुळं सापडतात.

लीग १९१७ साली माँट्रियलमध्ये स्थापन झाली. १९४२ पासून पंचवीस हंगाम तिच्यात सहाच संघ होते: माँट्रियल, टोरोंटो, बोस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो. त्या काळी ड्राफ्ट नव्हता. संघ आपल्या पैशावर कनिष्ठ क्लब पोसत आणि तिथल्या पोरांकडून ‘सी फॉर्म’वर सही घेत. एकदा सही झाली की त्या पोराचे व्यावसायिक हक्क त्या संघाकडे. बॉबी ऑर १९६२ साली अवघ्या चौदाव्या वर्षी बोस्टनशी असा बांधला गेला. घराला नवा गिलावा करून देणं हाही त्या सौद्याचा भाग होता. पुढे बचावपटूने खेळ कसा करावा याची कल्पनाच त्याने बदलली.

या व्यवस्थेत सर्वांत मोठं जाळं विणलं माँट्रियलच्या फ्रँक सेल्कने. १९४६ मध्ये टोरोंटोहून आल्यावर त्याने कॅनडाभर कनिष्ठ संघ उभे केले. झाँ बेलिव्हो क्यूबेक शहरातला आपला हौशी संघ सोडून येईना, तेव्हा माँट्रियलने त्याची आख्खी लीगच विकत घेऊन व्यावसायिक करून टाकली. १९५६ ते १९६० असे सलग पाच कप त्यांनी जिंकले. माँट्रियलचे चाहते हा काळ परंपरा म्हणून सांगतात. मला त्यात परंपरेइतकीच मक्तेदारीही दिसते.

मक्तेदारी मोडण्यासाठी ५ जून १९६३ रोजी पहिला ड्राफ्ट झाला, तोही माँट्रियलच्याच एका हॉटेलात. २१ मुलं निवडली गेली. पण चांगली पोरं आधीच कुठल्या ना कुठल्या क्लबच्या दावणीला असल्यामुळे उरल्यासुरल्यांतूनच निवड करायची होती. १९६९ पर्यंत जुन्या बांधिलक्या संपल्या आणि ड्राफ्ट खऱ्या अर्थाने सगळ्यांसाठी खुला झाला. मधल्या काळात, १९६७ मध्ये, सहाचे बारा संघ झाले. प्रत्येक नव्या संघाने २० लाख डॉलर मोजले आणि जुन्या संघांना नको असलेले खेळाडू पदरात घेतले.

इथे सॅम पोलॉक येतो. १९६४ ते १९७८ या काळात माँट्रियलचा कारभार त्याच्याकडे होता आणि त्यात त्यांनी नऊ कप जिंकले. नव्या संघांना घाई असते, त्यांना प्रेक्षक खेचायला आज ओळखीची नावं हवी असतात, हे त्याने ताडलं. त्याच्याकडे असे खेळाडू ढिगाने होते. ते द्यायचे आणि बदल्यात पुढच्या वर्षांचे ड्राफ्टमधले हक्क घ्यायचे, असा त्याचा धंदा. १९७० मध्ये त्याने कॅलिफोर्नियाच्या संघाकडून १९७१ ची पहिल्या फेरीची निवड पटकावली, कारण त्या वर्षी गी लाफ्लर हा सर्वांत गुणी पोरगा येणार होता. हंगाम अर्ध्यावर आला तर पंचाईत: कॅलिफोर्नियापेक्षा लॉस एंजेलिस वाईट खेळत होतं आणि पहिला क्रमांक तिकडे जायची वेळ आली. जानेवारी १९७१ मध्ये पोलॉकने आपला अनुभवी सेंटर राल्फ बॅकस्ट्रॉम लॉस एंजेलिसला देऊन टाकला. ते सावरले, कॅलिफोर्निया तळाला गेलं आणि लाफ्लर माँट्रियलला आला. १९७६ ते १९७९ च्या सलग चार कपांमध्ये तो अग्रभागी होता. दुबळ्यांना बळ देण्यासाठी आणलेला ड्राफ्ट सर्वांत बलाढ्य संघानेच सर्वांत चांगला वापरला. ‘दूरच्या भविष्याची निवड देऊन टाकू, कोण जाणे तेव्हा काय होतं’ असं आजही एखादा मॅनेजर म्हणतो तेव्हा मला हाच सौदा आठवतो.

सत्तरच्या दशकातल्या प्रतिस्पर्धी लीगने, डब्ल्यूएचएने, पगार वाढवले आणि युरोपीय खेळाडूंसाठी दार उघडलं. १९७९ मध्ये ती बंद पडली आणि तिच्यातले चार संघ एनएचएलमध्ये आले. त्यांतलं एडमंटन वेन ग्रेट्झ्कीसारख्या विलक्षण खेळाडूला घेऊनच आलं. नंतरच्या तीन ड्राफ्टमध्ये त्यांनी लो, मेसियर, अँडरसन, कॉफी, कुरी, मूग आणि फ्यूर अशी माणसं मिळवली. मेसियर ४८ व्या क्रमांकावर, अँडरसन आणि कुरी दोघेही ६९ व्या. सात वर्षांत पाच कप. इतकी श्रीमंत निवड पुन्हा कुणाला साधली असेल असं वाटत नाही. आणि ती टिकली नाही तीही पैशामुळेच. ९ ऑगस्ट १९८८ रोजी ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला गेला. सौद्यात खेळाडू आणि निवडी होत्या, पण खरी गोष्ट होती दीड कोटी डॉलर रोख.

मुद्दाम हरण्याचा प्रकार मात्र दुसऱ्या गावचा. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये मारियो लेम्यू हा असामान्य पोरगा येणार हे सगळ्यांना माहीत होतं. पिट्सबर्गने हंगामात आपला प्रमुख बचावपटू रँडी कार्लाइल विनिपेगला दिला, बऱ्यापैकी खेळणारा गोलरक्षक खालच्या लीगमध्ये पाठवला आणि न्यू जर्सीच्या तीन गुण मागे राहून शेवटचं स्थान मिळवलं. लेम्यू आला आणि १९९१, १९९२ चे कप आले. म्हणून ‘हरा आणि तरा’ म्हणणारा प्रत्येक चाहता पिट्सबर्गचं उदाहरण देतो. मधली सात वर्षं तो सांगत नाही, आणि कप आला तेव्हा कॉफी, रॉन फ्रान्सिस अशी ट्रेडमधून (संघांमधल्या अदलाबदलीतून) आणलेली माणसं सोबत होती हेही सांगत नाही. १९९३ मध्ये ओटावा तळाला राहिलं, त्यांना अलेक्झांडर देग्ल मिळाला आणि तो फारसा चमकला नाही. १९९५ पासून पहिल्या क्रमांकासाठी सोडत काढली जाऊ लागली.

नव्वदच्या दशकातला सर्वांत मोठा सौदा एका नकारातून झाला. १९९१ मध्ये क्यूबेकने एरिक लिंड्रॉसला पहिलं निवडलं आणि त्याने तिथे खेळायला साफ नकार दिला. वर्षभराने क्यूबेकने त्याला एकाच वेळी फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क अशा दोघांनाही विकला! लवादाने निकाल फिलाडेल्फियाच्या बाजूने दिला. त्यांनी सहा खेळाडू, दोन पहिल्या फेरीच्या निवडी आणि दीड कोटी डॉलर दिले. त्या सहांत पीटर फोर्सबर्ग होता. एका निवडीतून जोसलिन तिबो हा गोलरक्षक आला. क्यूबेकचा संघ १९९५ मध्ये कोलोराडोला गेला आणि डिसेंबरात तिबोच्याच बदल्यात, इतर काही खेळाडूंच्या अदलाबदलीसह, माँट्रियलहून पॅट्रिक रॉय आला. १९९६ च्या जूनमध्ये कप. लिंड्रॉस उत्तम होता, दुखापतींनी त्याचं नुकसान केलं. पण एका माणसासाठी संघातली बाकीची भक्कम फळी विकू नये, हे माझं मत याच सौद्यावर पोसलेलं आहे.

त्याच काळात डेट्रॉइटने वेगळी फट शोधली. सोव्हिएत खेळाडू निवडून काय उपयोग, ते येणार कसे, असं बाकीच्यांना वाटत असताना त्यांनी १९८९ मध्ये सर्गेई फेदोरोव्हला ७४ व्या आणि कोन्स्तान्तिनोव्हला २२१ व्या क्रमांकावर घेतलं; त्याच ड्राफ्टमध्ये ५३ व्या क्रमांकावर स्वीडनचा निक्लास लिडस्ट्रॉम. पुढे युरोपातले त्यांचे स्काउट हाकान अँडरसन यांच्या नजरेतून दात्सुक १७१ वा आणि झेटरबर्ग २१० वा आला. डेट्रॉइट सलग २५ हंगाम प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) होतं. अर्थात सगळी कमाल नजरेची नव्हती. २००३-०४ मध्ये त्यांचा पगारखर्च साडेसात कोटी डॉलरच्या पुढे होता. चुकलं तर दुसरा विकत घेऊ, ही मुभा त्यांना होती आणि छोट्या गावांतल्या संघांना नव्हती.

ही मुभा संपवण्यासाठी मालकांनी २००४-०५ चा आख्खा हंगाम बुडवला. वाटाघाटीतून निघाली ती सॅलरी कॅप, म्हणजे सगळ्या पगारांची कमाल मर्यादा: पहिल्या वर्षी ३ कोटी ९० लाख डॉलर. चालू करार सरसकट २४ टक्क्यांनी कापले गेले. एकट्या खेळाडूला कॅपच्या २० टक्क्यांहून जास्त देता येणार नाही असं ठरलं. बदल्यात खेळाडूंना कुठल्याही संघाकडे जायला मोकळं होण्याचं वय एकतिशीवरून टप्प्याटप्प्याने सत्ताविशीवर आणून मिळालं, किंवा सात हंगाम पूर्ण.

आज आपण ज्याला संघबांधणी म्हणतो ती इथे सुरू होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या नवख्याचा पहिला करार तीन वर्षांचा आणि बोनस सोडला तर दहा लाखांच्या आसपासचा. त्या तीन वर्षांत तो तीस गोल करत असेल तर उरलेल्या कोट्यवधींत दुसरे दोघे आणता येतात. कॅपच्या जगात सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे चांगला आणि स्वस्त असलेला पोरगा. पण तो महाग होतोच. शिकागोने २०१० चा कप जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात बफलिन, लॅड, व्हर्स्टीग आणि गोलरक्षक निएमी यांना जाऊ द्यावं लागलं, कारण टेव्ज आणि केन यांच्यासकट सगळ्यांचे मोठे पगार एकदम लागू होत होते. तरीही गाभा राखून त्यांनी २०१३ आणि २०१५ मध्ये पुन्हा कप उचलला. माझ्या मते कॅपच्या काळातलं हे सर्वांत शहाणपणाचं काम.

पळवाटा लगेच निघाल्या. कॅपमध्ये कराराची वार्षिक सरासरी धरतात, म्हणून शेवटी नाममात्र पगाराची पाच-सहा वर्षं जोडायची आणि सरासरी खाली आणायची. न्यू जर्सीने २०१० मध्ये कोवालचुकला १७ वर्षांचा, १० कोटी २० लाखांचा करार देऊ केला. लीगने तो फेटाळला आणि वर दंड ठोकला. २०१३ पासून स्वतःच्या खेळाडूला आठ आणि बाहेरच्याला सात वर्षं अशी मर्यादा आली. जुन्या करारांवरही मागून शिक्षा लागू झाली. रॉबर्टो लुओंगो २०१९ मध्ये निवृत्त झाला, तेव्हा पाच वर्षांपूर्वीच त्याला सोडून दिलेल्या व्हँकुव्हरच्या कॅपमधून तीन हंगाम दरवर्षी ३० लाखांहून अधिक रक्कम गेली. लीगने तो करार स्वतःच मंजूर केला होता. हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं आणि आजही वाटतं.

दुसरी पळवाट दुखापतीची. दीर्घकाळ जायबंदी खेळाडूच्या पगाराइतका जादा खर्च करता येई आणि प्लेऑफमध्ये कॅप मोजतच नसत. टॅम्पाचा कुचेरोव्ह २०२०-२१ चा सगळा साखळी हंगाम शस्त्रक्रियेमुळे बाहेर होता. प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात उतरला आणि ३२ गुणांसह (गोल आणि गोलला दिलेली साथ मिळून) सर्वांत पुढे राहिला. टॅम्पाची फौज कॅपच्या सुमारे १ कोटी ८० लाख वर होती. नियम मोडला नव्हता. २०२५-२६ पासून प्लेऑफलाही कॅप लागली.

२०१७ मध्ये व्हेगासने प्रवेशासाठी ५० कोटी डॉलर भरले आणि पोलॉकचा धडा उलटा गिरवला: या वेळी घाबरले जुने संघ. नवा संघ प्रत्येकाकडून एक खेळाडू उचलणार होता आणि प्रत्येकाला मोजकेच खेळाडू राखता येत होते. एक वाचवायला त्यांनी दोन दिले. फ्लोरिडाने आदल्या हंगामात ३० गोल करणारा मार्शेसो सोडला आणि रायली स्मिथही किरकोळ मोबदल्यात दिला. पहिल्याच वर्षी व्हेगास अंतिम फेरीत, सहाव्या वर्षी विजेता, आणि त्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू मार्शेसो.

तोच फ्लोरिडा नंतर शिकला. एडमंटनने २०१० ते २०१५ या काळात चार वेळा पहिली निवड मिळवली आणि तरी २००६ नंतर दहा हंगाम प्लेऑफ पाहिले नाहीत. त्यांतला मॅकडेव्हिड येऊनही कप आला नाही. फ्लोरिडाने बारकोव्ह आणि एकब्लाड ड्राफ्टमधून घेतले खरे, पण कचक, राइनहार्ट, बेनेट हे ट्रेडमधून, व्हरहेगी स्वस्तात बाजारातून आणि फोर्सलिंग तर कॅरोलायनाने वेव्हर्सवर (इतर संघांना खुला) सोडलेला. २०२४ आणि २०२५ या दोन्ही अंतिम फेऱ्यांत त्यांनी एडमंटनलाच हरवलं. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, म्हणून खेळाडू कमी पगारात राजी होतात, अशी तक्रार कॅनडातले चाहते करतात. ती खोटी नाही. पण वेव्हर्सवरचा फोर्सलिंग फुकट होता आणि तो कुणीही उचलू शकत होतं.

आता कॅप झपाट्याने वाढतेय: २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख, २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख. पैसा मोकळा झाला की संघ आपली माणसं सोडत नाहीत. २०२५ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाने बेनेट, एकब्लाड आणि मार्शांड तिघांनाही राखलं. बाजारात उरलेल्यांवर उधळपट्टी होणार असा माझा अंदाज आहे. २०१५ च्या ड्राफ्टमधले दोन खेळाडू मात्र या हिशेबाच्या दोन टोकांना उभे आहेत. १३५ व्या क्रमांकावर निवडलेल्या कापरिझोव्हने मिनेसोटाशी आठ वर्षांचा, वर्षाला १ कोटी ७० लाखांचा करार केला. पहिल्या क्रमांकाच्या मॅकडेव्हिडने काही दिवसांतच एडमंटनशी दोनच वर्षांचा, जुन्याच १ कोटी २५ लाखांचा करार केला. म्हणजे इतरांना घ्यायला जागा उरेल, आणि नाही घेतलं तर त्याला निघून जाता येईल. त्या उरलेल्या जागेत कुणाला आणायचं, यावर एडमंटनचे चाहते तेव्हापासून भांडताहेत. मला विचाराल तर आधी गोलरक्षक.