कॅनव्हासवरून भिंतीवर : युद्धोत्तर कलेतल्या शब्दांची पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कलेविषयी काहीही वाचायला घेतलं की पहिल्या दोन पानांतच शब्दांची गर्दी होते : अमूर्त अभिव्यक्तिवाद, हॅपनिंग, मिनिमलिझम, संकल्पनात्मक कला. व्याख्या पाठ करून हे शब्द उलगडत नाहीत. ते कोणी, कोणत्या वादात वापरले हे कळलं की उलगडतात. त्यातले कितीतरी समीक्षकांनी दिलेले आहेत, आणि ज्यांना ते चिकटले त्या कलावंतांनी ते अनेकदा झिडकारले आहेत.

‘अमूर्त अभिव्यक्तिवाद’, म्हणजे ओळखीचे आकार न काढता रंग-रेषांतूनच भावना मांडणं, हा शब्द युरोपात आधीपासून होता. न्यूयॉर्कच्या चित्रकारांना तो १९४६ साली रॉबर्ट कोट्स या समीक्षकाने लावला. त्यांच्यातल्या जॅक्सन पोलॉकने १९४७च्या सुमारास कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि काडीने, वाळून कडक झालेल्या ब्रशने पातळ रंग ओघळवत तो चारी बाजूंनी फिरू लागला. या चित्रांकडे दोन समीक्षकांनी अगदी वेगळ्या नजरेने पाहिलं. क्लेमेंट ग्रीनबर्गच्या लेखी महत्त्व पृष्ठभागाला होतं. चित्राने आपलं सपाटपण लपवू नये, हा त्याचा आग्रह. हॅरल्ड रोझेनबर्गने रंगवण्याच्या कृतीकडे लक्ष वेधलं. १९५२च्या लेखात त्याने कॅनव्हासला आखाडा म्हटलं आणि ‘अ‍ॅक्शन पेंटिंग’ हा शब्द रूढ झाला.

पुढचा बराचसा इतिहास मला या फाट्यावरूनच निघालेला दिसतो. कृतीच महत्त्वाची, तर कॅनव्हास हवाच कशाला? जपानमधल्या गुताई गटाच्या काझुओ शिरागाने १९५५ मध्ये उघड्या अंगाने चिखलाशी झटापट केली. अ‍ॅलन कॅप्रो या कलावंताने १९५९ साली न्यूयॉर्कच्या एका कलादालनात तीन खोल्या उभारल्या आणि प्रेक्षकांना सूचनांची कार्डं देऊन त्यांतून फिरवलं. ‘हॅपनिंग’ हा शब्द त्या प्रयोगामुळे सर्वतोमुखी झाला. अशा खोलीभर पसरलेल्या कामांना पुढे ‘इन्स्टॉलेशन’ म्हणू लागले. आपण त्याला ‘मांडणशिल्प’ म्हणतो. शब्द सुरेख आहे, पण त्यात शिल्प मुक्कामाला राहिलं, हे ध्यानात ठेवावं.

‘मिनिमल आर्ट’ची, म्हणजे कमीत कमी घटकांत भागवणाऱ्या कलेची, कथा आणखी गमतीची. १९६५ साली रिचर्ड वोलहाइम या तत्त्वज्ञाने या शीर्षकाचा निबंध लिहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तयार वस्तूच कला म्हणून मांडणारा मार्सेल द्यूशाँ, जवळजवळ काळीच चित्रं रंगवणारा अ‍ॅड राइनहार्ट अशी मंडळी होती. नाव मात्र डोनल्ड जडसारख्या कलावंतांच्या धातूच्या पेट्यांना चिकटलं. जडला ते कधीच पटलं नाही. त्याच वर्षी त्याने आपल्या पसंतीचा शब्द दिला होता, ‘विशिष्ट वस्तू’ : धड चित्र नाही, धड शिल्पही नाही.

मग वस्तूही मागे पडली. १९६७ मध्ये सॉल लविट या कलावंताने संकल्पनात्मक कलेवर, म्हणजे वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व देणाऱ्या कलेवर, लेख लिहून सांगितलं की आराखडा आणि निर्णय आधीच झालेले असतात, प्रत्यक्ष करणं हा उपचार. पुढच्याच वर्षी त्याने पेन्सिलीने थेट भिंतीवर रेखाटन केलं. प्रदर्शन संपल्यावर त्यावर रंग मारण्यात आला. त्याची भित्तिरेखाटनं विकत घेणाऱ्याच्या हाती पडतं ते प्रमाणपत्र आणि सूचनांचा कागद. रेषा दुसरेच लोक ओढतात. लविट २००७ साली गेला. त्याच्या सूचनांवरून नव्या भिंतींवर रेखाटनं अजून होतात आणि वेळ आली की पुसलीही जातात.