कीटकनाशकभारित मच्छरदाण्यांची प्रतिरोधी डासांवरील चाचणी

कीटकनाशकभारित मच्छरदाणीवर बसलेला हिवतापाचा डास मरतो का, रक्त न पिताच मागे फिरतो का, आणि मच्छरदाणी धुतल्या-वापरल्यावर ही मारकशक्ती किती उरते, हे ठरावीक पद्धतीने तपासणे म्हणजे मच्छरदाणीची जैवचाचणी. त्या औषधाला सरावलेल्या, म्हणजे प्रतिरोधी डासांवर ही चाचणी घेताना कोणता डास वापरला यावर निकालाचा सगळा अर्थ ठरतो. औषधाला कधीच सामोरी न गेलेली डासांची वसाहत प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे पोसली जाते. तिच्यातले डास मेले, तर मच्छरदाणीत औषध आहे एवढेच कळते. गावातला डास मरेल की नाही, ते त्यावरून ठरवता येत नाही.

नागपूर आणि पूर्व विदर्भाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. नागपूर शहरात हिवताप पसरवणारा डास म्हणजे ॲनॉफिलिस स्टीफेन्साय. तो घरांवरच्या टाक्यांत, हौदांत आणि बांधकामाच्या साठवणीच्या पाण्यात वाढतो. शहराबाहेर भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात आणि त्यापलीकडे ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिसचे राज्य असते. हा डास दिवसा गोठ्यात विसावतो, गुरांचे रक्त पसंत करतो, पण माणसालाही सोडत नाही. गडचिरोली हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. तिथल्या डोंगराळ जंगलात ॲनॉफिलिस फ्लुव्हिएटिलिसही आढळतो आणि त्याचा ओढा माणसाकडे जास्त असतो.

क्युलिसिफेसिसने एकामागून एक औषधे पचवली आहेत. भारतात त्याचा डीडीटीला प्रतिरोध १९५९ साली नोंदला गेला, मॅलाथिऑनला १९७३ मध्ये, आणि पुढे डेल्टामेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड औषधांनाही. मच्छरदाण्यांत प्रामुख्याने पायरेथ्रॉइडच असते. विदर्भातल्या कपाशीवरही हीच औषधे वर्षानुवर्षे फवारली गेली, आणि बोंडअळी त्यांना कशी दाद देईनाशी झाली याचा अभ्यास नागपूरच्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत झाला. शेतातली फवारणी डासांनाही प्रतिरोधाकडे ढकलते, असे मानायला आधार आहे. मच्छरदाणीचा विचार करताना शेतीकडे पाठ फिरवून चालत नाही.

प्रतिरोध मुख्यतः दोन वाटांनी येतो. एकात डासाच्या चेतापेशीवरची, औषध जिथे चिकटते ती जागाच बदलते. दुसऱ्यात सायटोक्रोम पी-४५० वर्गातली विकरे (एन्झाइम) वाढतात आणि औषध चेतापेशीपर्यंत पोचण्याआधीच त्याचे विघटन करतात. म्हणून मच्छरदाणी तपासण्याआधी डास तपासावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नळी-चाचणीत डास औषध लावलेल्या कागदाच्या सान्निध्यात एक तास ठेवतात आणि २४ तासांनी मेलेले मोजतात. ९८ टक्के किंवा अधिक मेले तर डास संवेदनशील, ९० टक्क्यांहून कमी मेले तर प्रतिरोध पक्का. प्रतिरोधी वसाहतीला अधूनमधून औषधाचा मारा दिला नाही, तर काही पिढ्यांत तिचा प्रतिरोध ओसरू शकतो. बाटलीवर 'प्रतिरोधी' अशी चिठ्ठी असते, आतला डास मात्र साधा झालेला असतो. ही तपासणी न करता मिळालेला चांगला निकाल धोकादायक आहे, कारण त्याच्या भरवशावर वाटप होते.

मच्छरदाणीची पहिली चाचणी शंकूची. जाळीचा तुकडा फळीवर ताणून त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा शंकू बसवतात. दोन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यालेल्या पाच माद्या शोषनळीने आत सोडून तोंडाला कापसाचा बोळा लावतात. तीन मिनिटांनी त्यांना काढून साखरपाण्यासह कागदी पेल्यात ठेवतात. तासाभराने किती उताण्या पडल्या आणि २४ तासांनी किती मेल्या, ही नोंद होते. ९५ टक्के उताण्या किंवा ८० टक्के मृत, हा उत्तीर्णतेचा निकष. काम सोपे वाटते, पण डास जाळीऐवजी शंकूच्या भिंतीवर जाऊन बसतात आणि तीन मिनिटे फुकट जातात. फळी तिरकी ठेवली की ते जाळीवर टेकण्याची शक्यता वाढते. खोलीचे तापमान २७ अंशांच्या आसपास आणि हवा दमट हवी. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात हे सांभाळले नाही, तर औषध नसलेल्या जाळीवरचे डासही मरतात आणि चाचणी बाद करावी लागते.

धुलाईची परीक्षा वेगळी. २५ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा साबणाच्या पाण्यात ३० अंशांवर दहा मिनिटे हलवतात आणि दोनदा खळबळतात. दीर्घकाळ टिकणाऱ्या मच्छरदाणीने अशा वीस धुलाया सोसाव्यात, अशी अपेक्षा असते. नाल्यावर दगडावर आपटून धुणे या हिशेबात येत नाही. म्हणून गावात प्रत्यक्ष वापरलेल्या मच्छरदाण्या परत आणून तपासणे टाळता येत नाही.

शंकूच्या चाचणीत न टिकलेल्या मच्छरदाणीला बोगद्याची चाचणी देतात. काचेच्या बोगद्यात नऊ भोके पाडलेली जाळी आडवी लावतात. एका टोकाला आमिष म्हणून गिनीपिग किंवा ससा असतो, दुसऱ्या टोकाला शंभर उपाशी माद्या. रात्रभर त्या जाळीशी झुंजतात. किती मेल्या आणि किती रक्त न पिता राहिल्या, हे सकाळी मोजतात. प्रतिरोधी डासांचा खरा स्वभाव इथे जास्त दिसतो.

पायरेथ्रॉइडच्या जोडीला दुसरा घटक असलेल्या नव्या मच्छरदाण्यांसाठी तर ही चाचणी अटळ आहे. पिपेरोनिल ब्युटॉक्साइड हा घटक डासाची विघटन करणारी विकरे अडवतो आणि पायरेथ्रॉइडला वाट मोकळी करतो. क्लोरफेनापायरची रीत उलटी. डासाच्या विकरांनीच त्याचे विष बनते आणि पेशींची ऊर्जानिर्मिती बंद पाडते. त्याला वेळ लागतो, म्हणून मृत्यू ७२ तासांपर्यंत मोजतात. तीन मिनिटांच्या, दिवसा विसावलेल्या डासांवर घेतलेल्या शंकू-चाचणीवर क्लोरफेनापायर जोखणे त्याच्यावर अन्यायच. टांझानियातल्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर मुलांमधील हिवतापाच्या संसर्गाचे प्रमाण फक्त पायरेथ्रॉइड असलेल्या मच्छरदाण्यांच्या गटात ४५.८ टक्के होते, तर पायरेथ्रॉइड व क्लोरफेनापायर यांच्या जोड-मच्छरदाण्यांच्या गटात २५.६ टक्के. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पायरेथ्रॉइड-प्रतिरोध असलेल्या भागांसाठी त्यांची शिफारस केली. मात्र ते आफ्रिकेतले डास होते, घरात शिरून माणसालाच चावणारे. गोठ्यात विसावणाऱ्या क्युलिसिफेसिससाठी हेच आकडे जसेच्या तसे धरता येत नाहीत. पूर्व विदर्भात अशी मच्छरदाणी वाटायची, तर भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीच्या गावांतून पकडलेल्या डासांची आधी नळी-चाचणी आणि मग त्यांच्यावरच बोगद्याची चाचणी, हा क्रम पाळायला हवा, आणि वाटपानंतर ठरावीक काळाने त्याच गावांतल्या मच्छरदाण्या व डास घेऊन तो पुन्हा करायला हवा.