डिपेंडन्सी व्यवस्थापन

सॉफ्टवेअर प्रकल्पात बाहेरच्यांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच, म्हणजेच प्रकल्पाच्या डिपेंडन्सी) कोणत्या, कोणत्या आवृत्तीच्या आणि कुठून घ्यायच्या हे ठरवणे, त्याची नोंद ठेवणे आणि प्रकल्प चालू असेपर्यंत त्यांची देखभाल करणे, या कामाला डिपेंडन्सी व्यवस्थापन म्हणतात. यातले शेवटचे काम सर्वांत मोठे, आणि नेमके तेच मागे पडते. लायब्ररी जोडायला एक कमांड पुरते. सांभाळावी मात्र वर्षानुवर्षे लागते.

तयार सुटे भाग जोडून सॉफ्टवेअर बांधावे, ही कल्पना डग्लस मॅकइलरॉय यांनी १९६८ साली गार्मिश येथील नाटो परिषदेत मांडली. ती रुजली सामायिक भांडारांमुळे : पर्लचे सीपॅन (१९९५), पायथनचे पायपीआय (२००३), जावास्क्रिप्टचे एनपीएम (२०१०). पूर्वी लायब्ररी शोधून, उतरवून, हाताने प्रकल्पात ठेवावी लागे, त्यामुळे ती घेण्याआधी माणूस दोनदा विचार करी. भांडारातल्या लायब्रऱ्या, म्हणजे पॅकेजे, आपोआप उतरवणाऱ्या पॅकेज मॅनेजरने ते श्रम वाचवले आणि तो विचारही.

आपण पाच लायब्रऱ्या मागतो. त्यांना आणखी काही लागतात, त्यांनाही आणखी काही. या अप्रत्यक्ष डिपेंडन्सी शेकड्यांत जाऊ शकतात आणि त्यांतल्या बहुतेकींची नावेही टीममध्ये कुणाला ठाऊक नसतात. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने दुसऱ्या एका पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादानंतर एनपीएमवरून काढून घेतले. मजकुराच्या डावीकडची जागा भरून काढणे एवढेच त्याचे काम. पण बेबेलसारखे जावास्क्रिप्टचे लोकप्रिय साधन अप्रत्यक्षपणे त्यावर उभे होते; जगभर बिल्ड, म्हणजे कोडपासून चालते सॉफ्टवेअर बनवण्याचे काम, अडले. एनपीएमने त्याच दिवशी ते परत आणले आणि पुढे पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले.

आवृत्ती निवडताना ‘सेमव्हर’चा संकेत बहुतेक ठिकाणी पाळला जातो. २.४.१ मधला पहिला अंक मेजर, दुसरा मायनर, तिसरा पॅच. जुना कोड मोडेल असा बदल केला तर मेजर वाढवायचा. हा माणसाने दिलेला शब्द आहे, यंत्राने तपासलेली हमी नव्हे. एखादी चूक दुरुस्त करणारा पॅचही, त्या चुकीवरच विसंबलेला कोड मोडू शकतो.

दोन लायब्रऱ्यांना तिसरीच्या वेगवेगळ्या मेजर आवृत्त्या हव्या असतील, तर पेच पडतो. एनपीएम दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवू शकते. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एकच बसते, म्हणून पायथनचा पॅकेज मॅनेजर पिप मागे फिरून दुसरी जुळणी शोधतो. जावाचा मेव्हन डिपेंडन्सी वृक्षात जी सर्वांत जवळ असेल ती घेतो, मग ती जुनी का असेना. हा प्रश्न सर्वसाधारण रूपात एनपी-पूर्ण आहे, म्हणजे तो नेहमी झटपट सोडवणारी पद्धत ठाऊक नाही.

एकदा जमलेली जुळणी टिकवायची ती लॉक फाइलने. आपल्याला काय चालेल ते मॅनिफेस्टमध्ये असते. प्रत्यक्षात काय आले ते, नेमक्या आवृत्तीसह आणि बहुधा हॅशसह (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणेसह), लॉक फाइलमध्ये. ॲप्लिकेशनची लॉक फाइल रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) कमिट झालीच पाहिजे. नाहीतर आज चाललेला बिल्ड उद्या, आपली एकही ओळ न बदलता, पडू शकतो आणि कारण शोधण्यात दिवस जातो. लायब्ररीची गोष्ट वेगळी : ती वापरणाऱ्याकडे सहसा त्याची स्वतःची लॉक फाइलच लागू होते.

लॉक केले म्हणजे गोठवले, असे मात्र नाही. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत ‘लॉग४शेल’ ही त्रुटी उघड झाली; तिला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले. दुरुस्तीच्या आधी अनेक संस्थांना आपल्याकडे ही लायब्ररी नेमकी कुठे आहे, हेच शोधावे लागले. सर्व घटकांची यादी, म्हणजे एसबॉम, तयार ठेवण्याचा आग्रह आज धरला जातो तो अशाच अनुभवांमुळे. मार्च २०२४ मधले ‘एक्सझेड’ या डेटा आकुंचित करणाऱ्या साधनाचे प्रकरण उलट्या टोकाचे. सुमारे दोन वर्षे काम करून विश्वास मिळवलेल्या एका सहदेखभालकर्त्याच्या नावाने ५.६.० आणि ५.६.१ या नव्या आवृत्त्यांतच चोरवाट घातली गेली. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पाठपुरावा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने केला म्हणून ती सापडली. अपडेट लांबवले तर जुनी भोके उघडी राहतात, लगेच घेतले तर विष आत येऊ शकते. म्हणून सुरक्षा-दुरुस्त्या तातडीने, बाकीचे अपडेट काही दिवस थांबून, पण थोडेथोडे आणि नियमित घ्यावेत. तीन वर्षांचे साचलेले अपडेट एकदम करणे हे वेगळे दुखणे असते.

लायब्ररीचा परवाना ती जोडण्याआधीच पाहावा : एमआयटी परवान्याच्या अटी सैल, जीपीएल परवान्याच्या वितरणाच्या वेळी बांधून घालणाऱ्या.

डिपेंडन्सी काढून टाकणे हाही व्यवस्थापनाचाच भाग. भाषा वाढते तशा काही लायब्रऱ्या अनावश्यक होतात. लेफ्ट-पॅडचे काम करणारे ‘पॅडस्टार्ट’ हे फंक्शन भाषेच्या २०१७ च्या अधिकृत प्रमाणापासून जावास्क्रिप्टमध्येच आहे.