हबकॅप (जुन्या मोटारींची)
हबकॅप म्हणजे मोटारीच्या चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, बसणारी धातूची टोपी. सुरुवातीच्या मोटारींत ती शोभेची वस्तू नव्हती. लाकडी आऱ्यांच्या चाकात तुंब्याच्या आत ग्रीस भरलेले बेअरिंग असे. ते ग्रीस बाहेर गळू नये आणि रस्त्याची धूळ आत शिरू नये म्हणून टोपी आट्यांवर फिरवून घट्ट करत. म्हणूनच बऱ्याच टोप्यांच्या कडेला पान्यासाठी पैलू असतात. दाबून बसवायच्या पत्र्याच्या मोठ्या टोप्या नंतरच्या.

सुटी टोपी हाती आली की नजर आधी नावाकडे जाते. फोर्डचे लपेटीदार अक्षर सर्वांत जास्त सापडते, कारण १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी दीड कोटीहून अधिक बनल्या. डॉज ब्रदर्सची गुंफलेली डी-बी अक्षरे, हडसनचा त्रिकोण, पॅकार्डचा लाल षटकोन याही सहज ओळखू येणाऱ्या खुणा. पण नावावरून कारखाना कळतो, मॉडेल नाही. ते ठरते मापांवरून.

मापे घेण्याआधी टोपी रात्रभर रॉकेलमध्ये भिजवून मऊ ब्रशने साफ करावी. पॉलिश मात्र करू नये. अक्षरांच्या खाचांत मूळ रंगाचे कण उरलेले असतात आणि बफ (पॉलिशचे चाक) फिरवला की रंग व अक्षरांची धार दोन्ही जातात. झिजलेले नाव वाचायला अंधारात टॉर्च अगदी आडवी धरावी, किंवा पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासावी.

आट्यांचा व्यास व्हर्नियरने तीन दिशांनी मोजावा, कारण छिन्नी-हातोड्याने उघडलेल्या टोप्या लंबगोल झालेल्या असतात. मग आट्यांची संख्या. अमेरिकन व ब्रिटिश गाड्यांत ती इंचामागे मोजतात, फ्रेंच-जर्मन गाड्यांत दोन आट्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये. थ्रेड गेज (आटे मोजायचे साधन) नसेल तर ओल्या शाडूवर आट्यांचा ठसा घेऊन अर्ध्या इंचातले आटे मोजावेत व दुप्पट करावेत. पैलूंमधले अंतर आणि आतली खोलीही टिपावी. पुढच्या व मागच्या चाकांच्या टोप्या सारख्याच असतील असे धरू नये. टोपी दोन फेरे फिरून अडली तर आटे जुळत नाहीत असे समजून तिथेच थांबावे. जोर लावला तर तुंब्याचे आटे जातात आणि तुंबा मिळणे टोपीपेक्षा कितीतरी अवघड.

धातूवरून काळाचा अंदाज येतो. पहिल्या महायुद्धापर्यंत पितळ फार, पुढे निकेलचा मुलामा, ॲल्युमिनियम आणि पोलाद. क्रोम १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. निकेलची झाक पिवळसर, क्रोमची निळसर. १९१५ च्या टोपीवर क्रोम दिसले तर मुलामा नंतरचा. चुंबक जरासाच ओढला गेला तरी आत पितळ असू शकते, कारण निकेललाही चुंबक लागतो.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेव्हरले गाड्यांची जुळणी सुरू केली होती. त्यामुळे शेव्हरलेच्या बो-टाय चिन्हाची टोपी इथल्या जुन्या बाजारात दिसली तर ती परदेशातून आलेलीच असेल असे नाही.

नकल ओळखायलाही माप उपयोगी पडते. अस्सल टोपीवरूनच साचा घेऊन ओतलेले पितळ थंड होताना सुमारे दीड टक्का आकसते. ८० मिलिमीटरची टोपी ७८.८ भरते. आटे नव्याने कापलेले असल्याने ते बरोबर बसतात, पण बाहेरचा व्यास आणि अक्षरांची उंची कमी भरते.