जकातीच्या हिशेबातून काय वगळायचं?

जकात म्हणजे मुसलमानाने आपल्या संपत्तीतून दरवर्षी काढायचं सक्तीचं दान. ती काढायला बसलं की पहिला घोळ होतो तो घरातल्या वस्तूंवरून. राहतं घर धरायचं का? गाडी? फ्रिज, कपाट, भांडीकुंडी? यातलं काहीच धरायचं नाही. रोजच्या वापरातल्या या गोष्टींना फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या शास्त्रात, ‘हाजते असलिया’ म्हणतात, म्हणजे मूलभूत गरजा. त्यांची किंमत कितीही असली तरी त्यांच्यावर जकात नाही. कपडे आणि वाचायची पुस्तकंही यातच आली.

जकात लागते ती सोनं, चांदी, रोकड, व्यापाराचा माल, चरून वाढणारी जनावरं आणि शेतीचं उत्पन्न यांवर. शेतीचा हिशेब निराळा असतो. तिथे वर्ष मोजत नाहीत, कापणीलाच पावसाच्या पिकातून दहावा आणि पाणी देऊन काढलेल्या पिकातून विसावा भाग काढतात.

कारागिरांची गल्लत मात्र हमखास होते. हत्यारं, यंत्रं, भट्टी, दुकानाची जागा, मालवाहू गाडी हे सगळं माफ. विकायला ठेवलेला माल आणि कच्चा माल माफ नाही. हनफी (सुन्नी फिक्हच्या चार मतप्रवाहांपैकी एक) ग्रंथांत याचं एक नेमकं उदाहरण आहे: धोब्याचा साबण आणि रंगाऱ्याचा रंग. साबण धुण्यात वाहून जातो, कपड्यात उरत नाही, म्हणून तो माफ. रंग मात्र कापडात उतरतो आणि गिऱ्हाईक त्याचेच पैसे मोजतं, म्हणून साठवलेल्या रंगावर जकात आहे. हाच नियम शिंप्याला लावा: शिलाई मशीन सुटलं, विक्रीच्या कपड्यांसाठी आणलेलं कापड धरलं.

जमीन आणि सदनिकांच्या बाबतीत खरेदीच्या वेळचा हेतू बघतात. पुढे विकायचीच म्हणून घेतलेल्या प्लॉटची दरवर्षी बाजारभावाने जकात निघते. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून वर्षअखेरीस शिल्लक राहिलेले पैसे तेवढे रोकडीत मिळवायचे. हिरे, मोती, माणकं व्यापारासाठी नसतील तर माफ.

अंगावरच्या दागिन्यांवर मतभेद आहे. हनफी मताप्रमाणे सोन्याचांदीचे दागिने वापरातले असले तरी जकात लागते. शाफई, मालिकी आणि हंबली मतांत स्त्रीचे नेहमीच्या वापरातले दागिने माफ आहेत. आपला मसलक, म्हणजे या चारांपैकी आपला मतप्रवाह कोणता, ते आधी ठरवा. दरवर्षी सोयीचं मत उचलणं बरं नव्हे.

आता पात्रता. जकात लागू होण्याची किमान मर्यादा म्हणजे निसाब: सोन्याचा २० मिस्काल, चांदीचा २०० दिरहम. आजच्या मापात सोनं सुमारे ८५ ते ८७.५ ग्रॅम, चांदी सुमारे ५९५ ते ६१२ ग्रॅम. एवढी मालमत्ता हाती येऊन एक चांद्रवर्ष उलटलं की ४०वा भाग, म्हणजे अडीच टक्के, द्यायचा. हनफी मतात वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी निसाब पूर्ण असावा लागतो. मधे रक्कम कमी झाली तरी चालतं, पार संपली तर नव्याने मोजायचं. देणं असलेलं कर्जही हनफी वजा करतात. लांब मुदतीच्या कर्जात आजचे बरेच उलमा (धर्मपंडित) फक्त येत्या वर्षाचे हप्ते वजा करायला सांगतात.

कागदपत्रं म्हणाल तर स्वतःच्या हिशेबापुरतीच: चांद्र महिन्याची ठरलेली तारीख, त्या दिवसाची बँकेतली शिल्लक, दागिन्यांचं वजन आणि कॅरेट, मालाची यादी त्या दिवशीच्या विक्रीच्या भावाने, येणं आणि देणं. खरेदीची जुनी पावती भावासाठी कामाची नाही, कॅरेट बघायला तेवढी उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वस्तू जकातीतून सुटली म्हणून तिचा मालक जकात घ्यायला पात्र होतो असं नाही. रिकामं पडलेलं दुसरं घर विक्रीसाठी घेतलेलं नसेल तर त्यावर जकात नाही. पण ते गरजेपलीकडचं असून त्याची किंमत निसाबाएवढी भरत असेल, तर हनफी मतात त्या माणसाला जकात घेता येत नाही, आणि फितरा, म्हणजे रमजान ईदला द्यायचं दान, त्याला द्यावाच लागतो.