आइस्क्रीममधल्या इमल्सिफायरची पार्श्वभूमी

आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत ‘इमल्सिफायर (४७१)’ असं छापलेलं असतं. हे मोनो आणि डायग्लिसराइड्स, म्हणजे फॅटपासून बनवलेले पदार्थ. फॅट आणि पाणी एकत्र धरून ठेवायला ते घालतात, असा सर्रास समज आहे. पण ते काम दुधातली प्रथिनं आधीच करत असतात, आणि नको इतकं चोख करतात.

याचं मूळ होमोजिनायझरमध्ये, म्हणजे दुधातले फॅटचे कण बारीक करणाऱ्या यंत्रात आहे. ऑग्यूस्त गोलँ या फ्रेंच माणसाने १८९९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात यंत्र मांडलं. कच्च्या दुधातला फॅटचा कण सरासरी ३-४ मायक्रॉनचा, त्यावर स्वतःचं पातळ आवरण. प्रचंड दाबाने दूध बारीक फटीतून काढलं की कण १ मायक्रॉनच्या खाली येतात. पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो, जुनं आवरण पुरत नाही, आणि उघड्या पडलेल्या जागेवर केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) व थोडी व्हे प्रथिनं (दूध फाटल्यावर निवळीत राहणारी) येऊन बसतात. मग साय वर येत नाही. पिशवीतल्या दुधाला हे उत्तम. आइस्क्रीमला मात्र घुसळताना फॅटचे कण एकमेकांना अर्धवट चिकटायला हवे असतात. त्यांच्याच साखळ्यांवर हवेचे बुडबुडे तग धरतात. प्रथिनांचं जाड कवच त्यांना चिकटूच देत नाही.

हे कवच हटवायला पूर्वी अंड्याचा बलक घालत, त्यातलं लेसिथिन हे नैसर्गिक इमल्सिफायर कामी येई. विसाव्या शतकात मोनोग्लिसराइड्स आले. मिश्रण ४ अंश सेल्सियसला काही तास ठेवतात, कारखान्याच्या भाषेत ‘एजिंग’. याच वेळात इमल्सिफायर फॅटच्या पृष्ठभागावरून प्रथिनांना हुसकावतो. म्हणजे मुद्दाम इमल्शन (फॅट-पाण्याचं एकजीव मिश्रण) कमकुवत करायचं! पॉलिसॉर्बेट ८० हा दुसरा इमल्सिफायर यात फारच जोरकस. प्रमाण जास्त झालं तर जिभेला लोण्याचे कण लागतात. ‘फ्रोझन डेझर्ट’मध्ये फॅट वनस्पतीजन्य, पण प्रथिनं बहुधा दुधाचीच, तेव्हा ही हकालपट्टी तिथेही लागते.

ती घडते कशी, हे १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या संशोधकांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली (अतिसूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपून त्याचं चित्र काढणारं उपकरण) दाखवलं. इमल्सिफायर प्रथिनांना एकेक करून उचलत नाही. पृष्ठभागावरच्या प्रथिनांच्या जाळीतल्या फटींत तो शिरतो, त्याची बेटं फुगत जातात, प्रथिनांचा थर आकसून जाड होतो, आणि ताण असह्य झाला की जाळीच तुटते. भूस्तर दाबले जाऊन डोंगर उभे राहतात, त्यावरून त्यांनी या क्रियेला ‘ओरोजेनिक’ (डोंगर घडवणारी) हे नाव दिलं. व्हेमधल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनची वीण घट्ट, ते बराच वेळ झुंजतं. बीटा-केसीनचे रेणू एकमेकांत तितके गुंतत नाहीत, म्हणून ते आधी सुटतं.