धोतरा आणि हवेतला दोरा

महाशिवरात्रीला क्षेत्र माहुलीच्या संगमावर बेल, कवठ आणि धोतऱ्याच्या फळांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. मागे एकदा माझ्याबरोबर कॉलेजची चार मुलं होती. त्यातल्या एकानं काटेरी हिरवं फळ तळहातावर फिरवत विचारलं, “सर, हे सायकेडेलिकच ना? मोबाइलवर व्हिडिओ बघितलाय.”

मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो. धोतऱ्याबद्दल मुलं नेहमीच विचारतात, पण त्या दिवशी पोटात गोळा आला. “विष आहे का?” असं त्यानं विचारलं असतं तर मी निवांत उत्तर दिलं असतं. सायकेडेलिक या शब्दाला हल्ली एक चकाकी आली आहे. नैराश्यावर संशोधन, मोठी विद्यापीठं, नवे उपचार, हे सगळं मुलांच्या कानावर असतं. त्या चकाकीत धोतराही घुसला, तर कुणाच्या तरी घरी रात्री १०८ ला फोन करायची वेळ येणार.

मेक्सिकोतल्या पेयोटे निवडुंगात मेस्कॅलिन असतं, काही अळंब्यांत सायलोसायबिन, तर ॲमेझॉनच्या जंगलात उकळल्या जाणाऱ्या आयावास्का काढ्यात डीएमटी. ही खरी सायकेडेलिक द्रव्यं. मेंदूत सेरोटोनिन नावाच्या निरोप्या द्रव्याच्या एका ठरावीक ग्राहकाला (रिसेप्टरला) ती चिकटतात. रंग उजळतात, भिंत हलल्यासारखी वाटते, काळवेळेचा हिशोब बिघडतो. तीही धोक्याची आहेतच. पण आपण काहीतरी घेतलंय आणि त्यामुळे हे दिसतंय, एवढं भान माणसाला बहुतेक वेळा असतं. धोतरा नेमकं हे भानच काढून घेतो. धोतरा पोटात गेलेला माणूस समोर नसलेल्या भावाशी बोलतो, बोटांत नसलेली बिडी ओढतो आणि त्याला ते अगदी खरं वाटतं. शास्त्रात अशा द्रव्यांना डिलिरियंट म्हणतात. आपल्याकडे तापात बडबडणाऱ्या माणसाला ‘वात झालाय’ म्हणतात, तो शब्द मला जास्त नेमका वाटतो.

हे मी जवळून पाहिलं आहे, आणि तेही धोतरा न खाता.

आमच्या तात्यांची तासगावकडे द्राक्षबाग. एका हंगामात किडीचं औषध मारताना वारा फिरला, तोंडाला फडकंसुद्धा नव्हतं. संध्याकाळी तोंडाला फेस, अंगाला घामाच्या धारा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सांगलीच्या दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी सलाईनमधून ॲट्रोपिन सुरू केलं. थोड्या थोड्या वेळानं ते येत, छातीला स्टेथोस्कोप लावत, काखेत हात घालून घाम सुकला का ते बघत. पहाटेपर्यंत घाम थांबला, छातीतली घरघर गेली. आणि तात्या चादर चिमटीत धरून ओढायला लागले. मग हवेत हात नेऊन, बोटांच्या टोकातून दोरा निघत असल्यासारखा तो ओढत राहिले, अगदी मन लावून. काकी रडत म्हणाली, “ह्ये असं काय करायला लागलेत?” डॉक्टर म्हणाले, “औषधाचा परिणाम आहे, उतरेल.” दुसऱ्या दिवशी उतरलाही. तात्यांना त्या रात्रीतलं काहीही आठवत नव्हतं.

न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत धोतऱ्याच्या विषबाधेचं वर्णन करताना हाच अदृश्य दोरा येतो. कारण ॲट्रोपिन हे धोतऱ्याच्याच घरातलं द्रव्य. या झाडाच्या मुळापासून बीपर्यंत हायोसायमिन, स्कोपोलामिन आणि ॲट्रोपिन असतं. आपल्या शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचा एक निरोप्या सतत धावत असतो. लाळ सुटणं, घाम येणं, आतड्यांची हालचाल, हृदयाचे ठोके आवरणं, बाहुली आकुंचन पावणं ही सगळी कामं तो करतो, आणि मेंदूत लक्ष व स्मृतीचंही. धोतऱ्यातली द्रव्यं त्याच्या दारात ठाण मांडून बसतात आणि निरोप आत जात नाही. म्हणून तोंडाला कोरड पडते, कातडी लाल आणि तापलेली होते, लघवी तुंबते, छाती धडधडते, बाहुल्या इतक्या मोठ्या होतात की जवळची अक्षरं दिसत नाहीत. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं बरोबर उलटं करतात. वापरून झालेलं ॲसिटिलकोलीन साफ करणारं एन्झाइमच ती बंद पाडतात आणि निरोपांचा पूर येतो. तात्यांच्या छातीत तोच पूर चढला होता. पूर अडवायला दारं बंद करावी लागली, आणि त्या बंद दारांमागे मेंदू रात्रभर दोरे ओढत बसला.

हे नातं उलट्या बाजूनंही चालतं. पश्चिम आफ्रिकेत कालाबारच्या भागात संशयिताला एका वेलीच्या शेंगेतली विषारी बी खायला देऊन दोषी की निर्दोष ते ठरवत. त्यातलं फायसोस्टिग्मिन ॲसिटिलकोलीन वाढवतं. १८६४ मध्ये प्रागमध्ये ॲट्रोपिन प्यायलेल्या कैद्यांना तिथल्या एका डॉक्टरानं त्या बीचा अर्क दिला आणि उतारा लागू पडला. कार्बामेट गटातली कीटकनाशकं याच फायसोस्टिग्मिनच्या धर्तीवर पुढे तयार झाली. विष आणि उतारा यांची एवढी सख्खी भावकी मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

आता मूळ गावाकडे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेअसनं १७५३ मध्ये ‘दातुरा’ हे शास्त्रीय नाव दिलं ते आपल्या ‘धत्तूर’ शब्दावरूनच. पण ही प्रजाती मुळात अमेरिका खंडातली, मेक्सिकोच्या बाजूची. कॅलिफोर्नियातल्या पिनव्हील नावाच्या गुहेत, लाल चक्राकार फुलाच्या चित्राखाली, छताच्या फटींत चघळून खोचलेले धोतऱ्याचे चोथे सापडले. त्यात स्कोपोलामिन आणि ॲट्रोपिन निघालं. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. मग कोलंबसाच्या कितीतरी आधीच्या सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर धत्तूर कसा? आर. गीता आणि वलीद घराइबे या संशोधकांनी २००७ मध्ये जुने ग्रंथ आणि शिल्पं तपासून मांडलं की निदान एक जात इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत आशियात पोहोचली होती. समुद्र कसा ओलांडला, हे कोडं अजून सुटायचं आहे. शंकराच्या पिंडीवरचं हे फूल एवढा प्रवास करून आलंय, याचं मला दर महाशिवरात्रीला नव्यानं नवल वाटतं.

त्याचा दुरुपयोगही जुना. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ मध्ये लिहून ठेवलंय की चोर अन्नातून धोतरा घालतात आणि माणूस शुद्ध हरपून हसत बसतो. १६७६ मध्ये अमेरिकेतल्या जेम्सटाउनमध्ये बंड मोडायला आलेल्या सैनिकांनी याची कोवळी पानं भाजी म्हणून उकडून खाल्ली. एक जण हवेत पीस फुंकत होता, दुसरा नागडा कोपऱ्यात बसून दात विचकत होता. त्यांना कोंडून ठेवावं लागलं. अकरा दिवसांनी ते भानावर आले, आणि कुणालाच काही आठवत नव्हतं.

या झाडाचा मोठा धोका असा की त्याचं मोजमाप होत नाही. एकाच बांधावरच्या दोन झाडांत, एकाच झाडाच्या पानात आणि बीत, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात द्रव्याचं प्रमाण वेगळं निघतं. ‘थोडंसंच घेतलं’ या वाक्याला इथे काही अर्थ नाही. परिणाम दोन-दोन दिवस टिकतो, डोळ्यांवरचा त्याहूनही जास्त. घाम बंद झाल्यामुळे ताप चढत जातो, ठोके बेताल होतात, आणि भान नसलेला माणूस गच्चीवरून किंवा विहिरीत जातो. वांगी, टोमॅटो, मिरची याच कुळातली असल्यामुळे फसगतही होते. धोतऱ्याची बी मिरचीच्या बीसारखी दिसते. भिंगाखाली मात्र फरक कळतो: मिरचीची बी पातळ, गुळगुळीत, पिवळसर, धोतऱ्याची जाड, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराची आणि खड्डे पडलेली. कुणाच्या पोटात गेलीच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. उरलेलं फळ किंवा पान पिशवीत घालून माणसाला सरळ दवाखान्यात न्या.

औषधशास्त्रानं या झाडाला लगाम घातला तो रेणू बदलून. एकेकाळी दम्यावर धोतऱ्याची पानं ओढत. १८०२ मध्ये हा उपाय मद्रासहून ब्रिटनला गेला आणि पुढे दम्याच्या सिगारेटी निघाल्या. आजच्या इनहेलरमधलं इप्राट्रोपियम हे ॲट्रोपिनपासूनच घडवलेलं आहे, पण त्यावर असा विद्युतभार बसवलाय की ते मेंदूत शिरत नाही. श्वासनळी मोकळी होते, वात होत नाही. मळीच्या वासात दम लागणाऱ्या कितीतरी लोकांच्या खिशात धोतऱ्याचा हा शहाणा वंशज असतो.

कायद्याचं त्या मुलानं शेवटी विचारलं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्याच्या यादीत मेस्कॅलिन, सायलोसायबिन, डीएमटी आहेत, धोतरा नाही. म्हणून तो बांधावर उगवतो आणि टोपलीत विकला जातो. पण औषधांच्या नियमावलीतल्या ई-१ अनुसूचीत तो विषारी द्रव्य म्हणून नोंदलेला आहे. तो असलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा छापावा लागतो. गुन्हा करण्याच्या हेतूनं कुणाला चारला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२३ लागतं आणि दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यादीत नाव नाही याचा अर्थ ‘चालतं’ असा त्यानं लावला होता. मी त्याला म्हटलं, कण्हेरही यादीत नाही.

मला जास्त काळजी सोयाबीनची वाटते. २०१९ मध्ये युगांडात मदत म्हणून वाटलेल्या सोयाबीनयुक्त पिठात धोतऱ्याच्या बियांचा अंश गेला, सुमारे तीनशे माणसं आजारी पडली आणि पाच दगावली. कृष्णाकाठी आता जिकडेतिकडे सोयाबीन आहे आणि त्यात धोतरा उगवतोच. मळणीत फळ फुटलं की बी मालात मिसळते. तात्या आता भाद्रपदातच रानात उतरून, फळ धरायच्या आत, पांढरं फूल दिसेल ते झाड मुळासकट उपटतात, आणि डोळ्याला हात लावायच्या आधी पाटाच्या पाण्यात दोनदा हात धुतात.